पालखीवाट आणि लोहमार्ग : विश्रांतवाडी परिसरातील पायवाटांचा एक ऐतिहासिक विचार

पुण्याच्या ईशान्येस, मुळेच्या पलीकडच्या अंगास वसलेल्या विश्रांतवाडीतून प्रवासी लोहमार्ग जात नाही. सर्वांत जवळचे स्थानक खडकीचे. ते नदीच्या अलीकडे आहे. तरीही नागरी वस्तीत लोहमार्गालगत पायवाट बांधल्याने समाजाचे काय हित होते, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्याने आपली शोधयात्रा विश्रांतवाडीपासून आरंभावी असे प्रस्तुत लेखकास वाटते. याचे कारण असे की येथून जाणारी वाट ही लोहमार्गाहून जुनी आहे, ती आजही पायीच चालली जाते, आणि पुढे गेल्यावर ती लोहमार्गाला ज्या रीतीने भेटते, ओलांडते व मग कित्येक कोस त्याच्या शेजारून जाते, त्या रीतीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर सामावले आहे.

ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते. दिघी, कळस, विश्रांतवाडी, फुलेनगर, संगमवाडी अशी ती पुण्यात उतरते. विश्रांतवाडी या नावाचा संबंध लोक पालखीच्या विसाव्याशी जोडतात. स्थलनामांच्या अशा व्युत्पत्ती पुष्कळदा मागाहून रचलेल्या असतात, म्हणून त्या सावधपणेच घ्याव्या लागतात. परंतु या वाटेवरचे विसावे ही गोष्ट मात्र डोळ्यांना दिसणारी आहे. पालखी सोहळ्याचे आजचे स्वरूप हैबतबाबा आरफळकर यांनी १८३२ च्या सुमारास घालून दिले. त्यापूर्वी तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ पासून दोन्ही संतांच्या पादुका एकत्र नेण्याचा प्रघात पाडला होता, असे परंपरा सांगते. म्हणजे हैबतबाबांचा सोहळा सुरू झाला तेव्हा पेशवाई बुडून जेमतेम चौदा वर्षे झाली होती, आणि पुण्यास आगगाडी येण्यास अद्याप पाव शतक अवकाश होता.

या पाव शतकात वाटेच्या भोवतालचा प्रदेश मात्र बदलत होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, आणि त्यानंतर त्या माळावर इंग्रजी फौजेची छावणी कायमची वसली. पुढे १८६९ मध्ये तेथे दारूगोळ्याचा कारखाना निघाला. लष्कराचे क्षेत्र नदीच्या दोन्ही अंगांस पसरत गेले. आळंदीच्या वाटेवर दिघीनजीक मॅगझिन नावाचा चौक आहे. त्याचा नियतकालिकाशी काही संबंध नाही, दारूगोळ्याच्या कोठाराशी आहे. टाळमृदंगाची वाट दारूच्या कोठाराशेजारून जाते, आणि वारकरी त्या ठिकाणाचे नाव विनासंकोच उच्चारतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील पुण्याच्या घडणीबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. नदीवरचा होळकर पूल खडकीस या पलीकडच्या भागाशी जोडतो. याच बाजूस, येरवड्याच्या टेकाडावर, डेक्कन कॉलेजची दगडी इमारत १८६८ पासून उभी आहे, आणि येरवड्याचे मध्यवर्ती कारागृहही याच पट्ट्यात येते. छावणी, कोठार, महाविद्यालय, कारागृह ही सर्व राजसत्तेची बांधकामे होत. त्यांच्या मधून जी एकच गोष्ट त्यांच्या आधीपासून चालत आलेली होती, ती म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा खंडाळा ते पुणे हा मार्ग १४ जून १८५८ रोजी खुला झाला. बोरघाटातील चढणीचे काम तेव्हा अपुरे होते. ते १८६३ च्या एप्रिलात पुरे झाले. मधल्या पाच वर्षांत मुंबईहून येणारा उतारू घाटाच्या पायथ्याशी गाडीतून उतरे, घाट पालखीने, बैलगाडीने किंवा पायी चढे, आणि वर खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसे. आगगाडीच्या युगाचा आरंभच अशा रीतीने पायवाटेच्या आधाराने झाला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. त्या घाटात १८६१ च्या आरंभी बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांचे नाव ग्रंथांतून आढळते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ते काम हाती ठेवले, हेही नोंदले गेले आहे. मजुरांची नावे मात्र कोठे सापडत नाहीत. ते पटकीने मेले, कड्यांवरून पडून मेले, सुरुंगांनी मेले. आणि ज्या वाटांनी ते कामावर गेले त्यांतल्या काही वाटांनी आज हौशी गिर्यारोहक हिंडतात. घाटातील गाडी उलट दिशेस वळविण्याचे जुने स्थानक, विद्युतीकरणाच्या वेळी नवी आखणी झाल्यामुळे, १९२९ मध्ये सोडून देण्यात आले. लोहमार्ग एकदा घातला की तो चिरंतन असतो, हा समज निदान या प्रांतात तरी तेव्हाच खोटा ठरला होता.

आता नकाशा पुढे घ्यावा. तुकोबांची पालखी देहूहून निघते. आकुर्डी, पिंपरी, कासारवाडी, दापोडी, खडकी हे तिचे टप्पे. आणि हीच क्रमाने मुंबई-पुणे लोहमार्गावरील स्थानकेही आहेत. पुण्याहून पुढे लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत अशी ती जाते, तेव्हा तिच्या शेजारून पुणे-दौंड मार्ग जात असतो. ज्ञानोबांची पालखी विश्रांतवाडीहून येऊन संगमाच्या अलीकडे तुकोबांच्या वाटेस मिळते. तेथून शहरात शिरावयाचे तर दोन्ही पालख्यांना लोहमार्ग ओलांडावाच लागतो. पुण्यातून निघाल्यावर ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाने सासवडास जाते आणि तेथे लोहमार्गापासून दुरावते. परंतु जेजुरीस ती पुन्हा पुणे-मिरज मार्गास गाठते, आणि वाल्हे, नीरा, लोणंद असा मोठा पट्टा ती त्याच्याच संगतीने चालते. चारही गावांना स्थानके आहेत. नीरेच्या पात्रात पादुकांना स्नान घातले जाते तेथून पलीकडे आगगाडीचा पूल आहे.

ही समांतरता योगायोगाची नव्हे. लोहमार्गाची आखणी करणारा अभियंता सम चढण, थोडे पूल आणि बाजाराची गावे शोधीत असतो. पायी चालणारा पाणी, सावली आणि रात्रीचा निवारा शोधीत असतो. दोघांनाही भीमा-नीरेच्या खोऱ्यातील तीच कोरडी, उंचवट्याची भूमी सोयीची पडली. दोघांची वाट कोठे फाटते हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे. दिवेघाटापाशी वारकरी सरळ चढण चढतो, कारण त्याला अंतर वाचवावयाचे असते. आगगाडीला ते जमत नाही, म्हणून ती फुरसुंगीवरून शिंदवण्याच्या बाजूने वळसा घेते. चालणाऱ्याचे पाय चढण सोसतात पण लांबण सोसत नाहीत. यंत्राचे याच्या उलट. लोहमार्गालगतची वाट ही म्हणून लांबची असली तरी सौम्य असते. वृद्ध माणूस, डोक्यावर ओझे असलेली बाई, सायकलवरचे शाळकरी मूल, चाकांच्या खुर्चीवरचा अपंग, या सर्वांना जी चढण झेपते ती लोहमार्गाच्या अभियंत्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी नव्हे, इंजिनासाठी मोजून ठेवलेली आहे. अशा वाटेच्या हिताचा पहिला आधार हा भौतिक आहे.

(जाता जाता एक गोष्ट सांगावयास हरकत नाही. पुणे-मिरज मार्गावर ‘आळंदी’ नावाचे एक स्थानक आहे. ते ज्ञानोबांच्या आळंदीचे नव्हे, म्हातोबाच्या आळंदीचे आहे. पाहुण्याला वेळापत्रकात हे नाव दाखवून फसविण्याची थट्टा पुणेकर करू शकतात.)

आगगाडी पंढरपुरास जाऊ लागली तेव्हा वारी बसेल, असा तर्क कोणीही केला असता. कालथ्रॉप यांनी स्थापन केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली, आणि १९०६ मध्ये तिची अडीच फुटी रुळांची शाखा कुर्डुवाडीहून पंढरपुरास पोचली. एकादशीच्या सुमारास यात्रेकरूंची खच्चून गर्दी ही तिच्या उत्पन्नाची मोठी बाब असे. परंतु पायी वारी बसली नाही, वाढली. गाडीने जाणारे गाडीने गेले आणि चालणारे चालत राहिले. पुष्कळ जण जाताना चालत व परतताना गाडीने, असे दोन्ही करू लागले. म्हणजे लोहमार्गाने पायवाटेचा घात केला नाही, तिला परतीची सोय करून दिली. पुढे या अरुंद मार्गाचे रुंदीकरण झाले आणि कालथ्रॉप यांची गाडी इतिहासजमा झाली. दिंड्या मात्र आजही जातात.

वाटेचे सामाजिक हित कशात असते, हे इरावती कर्वे यांनी ओळखले होते. डेक्कन कॉलेजात अध्यापन करणाऱ्या बाईंचे ‘वाटचाल’ हे लेखन ‘परिपूर्ती’त, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाले. स्वतः दिंडीबरोबर चालून त्यांनी जे पाहिले त्यात एकोप्याचा आनंद होता, तशीच एक बोचही होती: ब्राह्मणांच्या व मराठ्यांच्या दिंड्या एकाच वाटेने चालत, परंतु जेवत मात्र वेगवेगळ्या. वाट सर्वांना एकत्र आणते हे खरे, पण ती सर्वांना एकत्र बसविते असे नव्हे. आजच्या नगररचनाकारांच्या लेखनात ‘समाजाचा लाभ’ हा शब्द ज्या सहजतेने येतो, त्यावर हा उतारा म्हणून वाचावा असे वाटते.

तथापि वर्षातला एक दिवस सोडला तर उरलेल्या दिवशी विश्रांतवाडीची वाट पायी चालणाऱ्याची राहिलेली नाही. हा फरक कसा पडला? शहराची हद्द १९९७ मध्ये वाढली, आणि आळंदी रस्त्याच्या दोन्ही बाजूंस घरे दाटली. संगमवाडी ते विश्रांतवाडी या पट्ट्यात जलद बससेवेचा स्वतंत्र मार्ग ३० ऑगस्ट २०१५ रोजी सुरू झाला. बसमार्ग मध्यभागी, वाहने दोन्ही अंगांस, आणि काठाला पदपथ अशी ही मांडणी होती. आराखड्यात पादचारी होता. प्रत्यक्षात त्याला बसपर्यंत पोचण्यासाठी वाहत्या रहदारीतून जावे लागे. महापालिकेने २०१७ च्या अखेरीस सायकलींचा एक सर्वंकष आराखडाही मंजूर केला. एके काळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते, आणि खडकीच्या कारखान्यांतील कामगारांच्या सायकलींचे तांडे पाळी सुटताना होळकर पुलावरून जात, ही आठवण जुन्या रहिवाशांच्या बोलण्यात अजून येते. आराखड्यात ती आठवण होती की नाही, कोण जाणे.

याच परिसरातील बोपखेल गावाचा प्रसंग येथे विस्ताराने सांगावयास हवा, कारण वाट बंद झाली म्हणजे समाजाचे काय होते याचा तो ताजा पुरावा आहे. बोपखेल मुळेच्या काठी, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या क्षेत्रास लागून आहे. दापोडीस जाण्याचा गावकऱ्यांचा रोजचा रस्ता त्या क्षेत्रातून जात असे. २०१५ मध्ये, न्यायालयाच्या निर्णयानंतर, तो रस्ता बंद झाला. गावात मोठा क्षोभ झाला. पलीकडे खडकी डोळ्यांना दिसते, आगगाडीची शिटी ऐकू येते, आणि तिथवर जाण्यास मात्र दिघी-विश्रांतवाडीचा कैक मैलांचा फेरा घालावा लागतो, अशी गावाची अवस्था झाली. लष्कराने नदीवर तात्पुरता तरंगता पूल टाकला. पावसाळ्यात पाणी चढले की तो काढावा लागे. कायमचा पूल हाती घेण्यास काही वर्षे गेली. या अवधीत शाळेची मुले, कारखान्यातले कामगार, दवाखान्यात जाणारे रुग्ण यांच्या आयुष्यातील किती तास त्या फेऱ्यात गेले, याचा हिशेब कोणत्याही खात्याच्या दप्तरात निघणार नाही. लष्कराच्या सुरक्षिततेची बाजू खोटी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु वाट ही केवळ जमिनीची पट्टी नसून दोन वस्त्यांमधील व्यवहार असतो, आणि तो व्यवहार तुटला की त्याची किंमत नेहमी चालणाराच भरतो, एवढे या प्रसंगावरून दिसते.

लोहमार्गाच्या बाबतीतही हेच घडत आले आहे, फक्त अधिक संथपणे. रूळ पडले तेव्हा त्यांनी जुन्या गाडीवाटा व पाणंदी छेदल्या. जेथे रहदारी मोठी तेथे फाटक ठेवले. जेथे लहान तेथे लोक तसेच ओलांडू लागले. भारतातील रुंद मार्गांवरची पहारेकऱ्याविना असलेली फाटके २०१९ च्या आरंभापर्यंत नाहीशी करण्यात आली. अपघात टळले, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु फाटकाच्या जागी भुयारी रस्ता किंवा पायऱ्यांचा पूल आला, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला व बैलगाडीच्या धन्याला त्याचा उपयोग किती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. पायऱ्या चढवत नाहीत म्हणून माणसे रुळांतूनच जातात. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४७ वे कलम अशा माणसास सहा महिन्यांपर्यंत कैद वा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगते. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय सुरक्षा समितीने २०१२ मध्ये दिलेला अहवाल मात्र निराळ्या सुरात बोलतो: रूळ ओलांडताना वा रुळांत शिरून देशभर वर्षाकाठी सुमारे पंधरा हजार माणसे मरतात, त्यांपैकी सहा हजारांच्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असा तिचा अंदाज होता, आणि कोणत्याही सुसंस्कृत समाजाने हा संहार मान्य करू नये असे तिने म्हटले. कायद्याच्या भाषेत हे लोक आगंतुक होत. इतिहासाच्या भाषेत पाहू गेल्यास त्यांतले कित्येक जण रुळांच्या आधीपासून असलेल्या वाटेवरून चालणारे आहेत.

लोहमार्गालगत सुरक्षित, कुंपणाने विलग केलेली पायवाट असावी या कल्पनेचे खरे समर्थन येथे आहे. ती वाट हौसेची नव्हे; जे लोक आजही त्या पट्ट्यातून चालतात त्यांना कायदेशीर व जिवंत ठेवणारी आहे. महाराष्ट्रात याचा एक नमुना नकळत तयार झालेला आहे, तो म्हणजे माथेरानचा. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेला दोन फुटी रुळांचा नेरळ-माथेरान मार्ग १९०७ मध्ये खुला झाला. माथेरानास मोटारींना मज्जाव आहे, आणि २००३ मध्ये तो प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला. दस्तुरीनाक्यापासून बाजारपेठेपर्यंत जाणारा माणूस बहुधा रुळांच्या कडेनेच चालतो, कारण ती वाट सावलीची व सौम्य चढणीची आहे. हमाल, शाळेची मुले, भाजीवाल्या, प्रवासी यांची ती रोजची वाट आहे. गाडी येते तेव्हा सगळे बाजूस होतात. गाडीचा वेगही तेवढाच असतो. मुख्य मार्गावर हे शक्य नाही हे उघड आहे, पण रूळ आणि पाऊल यांचे वैर निसर्गतः नाही, ते वेगामुळे आहे, एवढे माथेरान दाखविते.

परदेशांत या कल्पनेचा इतिहास साठ वर्षांहून मोठा आहे. अमेरिकेत शिकागोनजीक मे थीलगार्ड वॉट्स या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९६३ मध्ये वृत्तपत्रास एक पत्र लिहून बंद पडलेल्या विजेच्या लोहमार्गाची जागा पायवाटेसाठी राखावी असे सुचविले, आणि त्यातून इलिनॉय प्रेअरी पाथ निघाला. इंग्लंडात ब्रिस्टल व बाथ यांमधील बंद मार्गावर स्वयंसेवकांनी १९७९ पासून वाट बांधावयास घेतली; १९८६ मध्ये ती पुरी झाली. सिंगापुरात मलाया रेल्वेची चोवीस किलोमीटरची पट्टी २०११ मध्ये सरकारकडे आली, तेव्हा ती तोडून विकण्याऐवजी सलग राखावी असा लोकांनी आग्रह धरला आणि तो मानला गेला. या तिन्ही ठिकाणी बंद पडलेला मार्ग हाती आला होता. आपल्याकडे, विशेषतः पुण्यासारख्या ठिकाणी, मार्ग चालू आहे व दिवसेंदिवस अधिक गजबजत आहे. म्हणून परदेशी उदाहरणांचे अनुकरण जसेच्या तसे होणार नाही. प्रश्न रुळांच्या जागेचा नसून रुळांच्या काठाचा आहे.

काठावर मात्र माणसे राहतात, आणि या विषयावरील उत्साही लेखन नेमके येथेच अडखळते. न्यूयॉर्कचा हाय लाइन हा उंचावरील जुन्या मालमार्गावरचा बगीचा २००९ मध्ये खुला झाला. त्याची जगभर वाहवा झाली. भोवतालच्या जागांचे भाव एवढे चढले की ज्यांच्या वस्तीत तो बांधला त्यांनाच तेथे राहणे कठीण झाले, आणि जवळच्या सार्वजनिक गृहवसाहतींतील लोकांपर्यंत आपण पोचू शकलो नाही असे त्याच्या संस्थापकांपैकी एकाने पुढे स्वतःच मान्य केले. मुंबईची गोष्ट याहून आपल्या जवळची आहे. तेथील उपनगरी रुळांपासून दहा मीटरच्या आत हजारो झोपड्या होत्या. त्यांच्यामुळे गाड्यांचा वेग मंदावावा लागे, आणि त्यांतील मुले रुळांवर मरत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून रुळांकाठच्या रहिवाशांनी स्वतःचे संघटन बांधले, ‘महिला मिलन’ व ‘स्पार्क’ यांच्या साहाय्याने आपल्या घरांची मोजणी व नोंद स्वतः केली. १९९५ मध्ये माजी मुख्य सचिव द. म. सुकथनकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिदलाने पुनर्वसनाची तत्त्वे आखली. पुढे काही हजार कुटुंबे नव्या घरांत गेली. इतक्या मोठ्या प्रमाणावर, बहुतांशी स्वेच्छेने झालेले स्थलांतर आपल्या देशात विरळाच. परंतु मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर बहुतेक ठिकाणी काय आले? भिंत आणि कुंपण. ज्या वाटेने ती माणसे स्थानकावर, शाळेत, नळावर जात होती ती वाट कोणी आखली नाही. कारण ती वाट अशी कधी मानलीच गेली नव्हती.

पुण्यातही ताडीवाला रस्त्यापासून पुढे लोहमार्गाच्या आसऱ्याने जुन्या वस्त्या आहेत. केंद्र सरकारच्या जमिनीवरील झोपडपट्टीस राज्याच्या १९७१ च्या सुधारणा कायद्याचा लाभ सहजासहजी मिळत नाही. शौचालय बांधावयाचे तरी रेल्वेची अनुमती लागते. अशा ठिकाणी कोणी सुंदर, फुलझाडांची वाट आखावयास निघाला, तर तिचे पहिले पाऊल कोणाच्या उंबऱ्यावर पडते हे आधी पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मते, वाट आधी आणि वस्ती मागाहून हलविणे हा क्रम सर्वथा त्याज्य आहे. वस्तीतील लोकांना वाटेचे पहिले उपभोक्ते मानले, त्यांच्या दाराशी येणारी पायवाट, दिवा व पाण्याचा निचरा यांपासून काम सुरू केले, तर तीच पट्टी त्यांच्या संरक्षणाचेही साधन होऊ शकेल. हे कठीण आहे खरे. पण मुंबईच्या रहिवाशांनी स्वतःची मोजणी स्वतः करून दाखविली, तेव्हा अशक्य म्हणता येणार नाही.

पालखीमार्गाच्या बाबतीत सरकारने एक पाऊल उचललेले आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाचा पायाभरणी समारंभ पंढरपुरास झाला: ज्ञानेश्वरमहाराजांच्या मार्गापैकी दिवेघाट ते मोहोळ सुमारे २२१ किलोमीटर, आणि तुकाराममहाराजांच्या मार्गापैकी पाटस ते तोंडले-बोंडले सुमारे १३० किलोमीटर. दोन्ही बाजूंस वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट असेल, असे त्या वेळी जाहीर झाले. या आकड्यांकडे पुणेकराने नीट पाहावे. एक मार्ग दिवेघाटापासून आरंभतो, दुसरा पाटसपासून. आळंदी ते दिवेघाट आणि देहू ते पाटस हे पहिले, सर्वांत दाट वस्तीचे पट्टे त्या योजनेबाहेर राहिले. विश्रांतवाडी त्यातच येते. मोकळ्या माळावर पायवाट मिळाली आणि जेथे रोज लाखो पाय चालतात तेथे ती महापालिका, छावणी, लष्कर, रेल्वे अशा चार धन्यांमध्ये विभागून राहिली.

म्हणून संशोधनाच्या दृष्टीने पहिले काम नकाशाचे आहे. कोणत्या मोऱ्यांखालून लोक ये-जा करतात, कोणत्या पुलाच्या कडेने, कोणत्या कुंपणाच्या फटीतून, याची नोंद दापोडी ते हडपसर या पट्ट्यात कोणी पायी हिंडून करावयास हवी. भूमापन खात्याच्या जुन्या नकाशांवर तुटक रेषांनी दाखविलेल्या पाऊलवाटा आणि आजच्या या फटी एकमेकांवर ठेवून पाहिल्या, तर त्यांतल्या किती जागा तंतोतंत जुळतात ते कळेल. लोहमार्गाखालच्या लहान दगडी मोऱ्या पाणी जावे म्हणून बांधल्या गेल्या. वर्षातील आठ महिने त्या कोरड्या असतात, आणि त्या आठ महिन्यांत त्यांतून शाळेची मुले वाकून जातात. पालखी येते ती नेमकी त्यानंतर, पहिल्या पावसात, मोऱ्यांत पाणी भरू लागते तेव्हा.